मुखड्याची वाट पाहणारा कान

पत्राचा सारांश: पुण्यातल्या एका ४१ वर्षांच्या वाचक भगिनींचं पत्र आहे. घरात चौघं. सासरे ७४ वर्षांचे, दर डिसेंबरात न चुकता ‘सवाई’ या शास्त्रीय संगीत महोत्सवाला जाणारे. त्यांच्या मते ख्याल हेच गाणं, बाकी सगळी करमणूक. नवऱ्याला चार वर्षांपासून जॅझचा नाद लागलाय. तो एलपी जमवतो आणि हिंदी चित्रपटसंगीताला ‘उचलेगिरी’ म्हणतो. १५ वर्षांची मुलगी हेडफोन लावून इंग्रजी आणि कोरियन पॉप ऐकते. बाईंना स्वतःला जुनी हिंदी गाणी आणि भावगीतं आवडतात. स्वयंपाक करताना फ्रिजवर ठेवलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर त्या ती ऐकतात, पण पाहुणे आले की पहिल्यांदा त्यांचंच गाणं बंद होतं. दोनदा सवाईला गेल्या, दोन्ही वेळा विलंबितात, म्हणजे ख्यालाच्या संथ भागात, डोळा लागला. नवऱ्याने लावलेलं जॅझ ‘सगळे एकाच वेळी आपापलं वाजवतायत’ असं वाटलं. त्या विचारतात: “माझा कान इतकाच आहे का? या वयात चांगलं संगीत ऐकायला शिकता येईल, की त्यासाठी आधी सिनेमाची गाणी सोडावी लागतील? सुरुवात कुठून करू? आणि मुलीला गाण्याच्या क्लासला घालू का, म्हणजे निदान तिचं तरी माझ्यासारखं होणार नाही?” पत्राच्या शेवटी त्यांनी सहज जाता जाता लिहिलंय की कुणी घरगुती मैफलीत जुनं गाणं म्हणताना दोन कडव्यांमधले व्हायोलिनचे तुकडे गाळून थेट अंतऱ्यावर गेलं, की त्यांना चुकल्यासारखं होतं आणि त्या ते तुकडे मनातल्या मनात वाजवून घेतात.

नमस्कार.

तुम्ही जे जाता जाता लिहिलंत, तिथूनच सुरुवात करते. गाणं आवडणाऱ्या बहुतेकांना शब्द आणि चाल लक्षात राहते. कडव्यांमधलं संगीत मनात जसंच्या तसं साठवून ठेवणारी आणि ते गळलं तर बेचैन होणारी माणसं त्या मानाने फारच थोडी. ते तुकडे बहुधा संगीतकाराच्या अरेंजरने किंवा त्याच्या मदतीने बांधलेले असतात. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यातली मोठी नावं. चिक चॉकलेट हे मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवणारे, आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागेही तेच. डिसूझा फाळणीआधी लाहोरला बँड चालवायचे, पुढे शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांना त्यांनी वाद्यमेळ दिला. मूळचे गोव्याचे हे लोक रात्री हॉटेलात जॅझ आणि नाचाची गाणी वाजवायचे आणि दिवसा स्टुडिओत तुमच्या आवडीचे तुकडे. तेव्हा जॅझ डोक्यावरून जातं असं तुम्ही म्हणता खरं, पण त्याचा बराच भाग तुमच्या कानात वीस-पंचवीस वर्षांपासून मुक्कामाला आहे.

तुमच्या प्रश्नात एक शिडी गृहीत धरलेली दिसते. खाली सिनेमाचं गाणं, मग भावगीत, वर कुठेतरी जॅझ आणि सगळ्यात वर ख्याल. आणि वरच्या पायरीवर जायचं तर खालची सोडायची. ही शिडी तुमच्या सासऱ्यांनी बांधली नाही की नवऱ्याने नाही. पुण्यात ती गेल्या काही पिढ्यांपासून घराघरांत उभी आहे. पण ऐकण्याचं काम शिडीसारखं चालत नाही. प्रत्येक प्रकार कानाकडे वेगळी गोष्ट मागतो. तीन मिनिटांच्या गाण्याला तुम्ही जसा कान देता तसाच तासाभराच्या ख्यालाला दिलात तर झोप येणारच, आणि ख्यालाच्या सवयीने पॉप ऐकलं तर ते पोकळच वाटणार. दोष कानाचा नसतो, मागणी ओळखली गेलेली नसते.

दुसरं गृहीतक ‘समजणं’. शास्त्रीय संगीत समजतं म्हणजे राग ओळखता येतो, असा आपल्याकडे फार जुना समज आहे. राग ओळखणं ही छान गोष्ट आहे, पण ती पुढची. तिच्या मागे लागणाऱ्या नव्या श्रोत्याचं एक हमखास नुकसान होतं: तो सिनेमाची कुठली चाल जुळते ते शोधत बसतो आणि समोरचं गाणं निसटून जातं. शिवाय नुसत्या सुरांवरून राग ठरतही नाही. भूप आणि देशकार दोघांतही सा रे ग प ध हेच पाच सूर. भूपाचा जीव गंधारात, तो संध्याकाळनंतरचा. देशकाराचा जीव वरच्या धैवतात, तो सकाळचा. ही ओळख ऐकून ऐकून होते, यादी पाठ करून होत नाही. ते बाजूला ठेवू.

आधी धरायची गोष्ट तुम्हाला येते, तिचं नाव मुखडा. तुमच्या गाण्यात मुखडा होतो, मग मधलं संगीत, मग अंतरा, आणि साधारण मिनिटभराने मुखडा परत येतो. तो येणार हे तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून मधलं मिनिट तुम्ही कान टवकारून काढता. आता ख्यालाकडे बघा. तिथेही शब्द तोच आहे. बंदिशीच्या पहिल्या ओळीचा जो तुकडा गायकाला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, आणून सोडतो, त्याला मुखडाच म्हणतात. विलंबित एकतालात बारा मात्रा, म्हणजे ठोके, असतात, आणि एक मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन, म्हणजे समेपासून समेपर्यंतचा एक फेरा, ४८ सेकंदांचं. म्हणजे वाट जवळपास तेवढीच! फरक एवढाच की तुमच्या गाण्यात त्या मिनिटात वीस-पंचवीस वादक, नवे शब्द, बासरीचा एखादा तुकडा, असे मैलाचे दगड पडलेले असतात. विलंबितात एक आवाज, एखादं अक्षर, आणि मागे तानपुरा. खुणा दिसेनात म्हणून वाट लांबली, आणि वाट लांबली म्हणून डोळा लागला. खुणा तिथेही आहेत, पण त्या तबल्यात आहेत.

तबल्याकडे वळण्याआधी फ्रिजवरच्या त्या स्पीकरबद्दल बोलायलाच हवं, कारण अर्धी अडचण तिथे आहे. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याचा, घुमारा साधारण ७० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालतो आणि त्याची घरघर १०० हर्ट्झच्या आजूबाजूला ऐकू येते. म्हणजे जिथे डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज ऐकू यायचा, तिथेच फ्रिज गुणगुणतोय. फोनच्या स्वतःच्या स्पीकरची गत त्याहून वाईट, त्यातून २००-३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही. जॅझमधल्या डबल बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. ती गेली की मागे उरतो सॅक्सोफोन आणि झांजांचा कलकलाट, आणि मग ‘सगळे आपापलं वाजवतायत’ असंच वाटणार. तुमचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त सगळ्यांना बांधून ठेवणारा माणूस तुमच्या स्पीकरमधून गायब होता.

तेव्हा स्पीकर फ्रिजवरून उतरवा. बाहेरच्या खोलीत, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल अशा कपाटावर किंवा टेबलावर ठेवा. भिंतीपासून हातभर पुढे, कोपऱ्यात नको, कोपऱ्यात खर्ज फुगतो. ‘बास बूस्ट’ बंद. एकट्याने ऐकायला दीड-दोन हजारांच्या आतला वायरचा, कान झाकणारा हेडफोन पुरतो. फोडणी देताना जे ऐकता ते खुशाल ऐका, पण नवीन काही शिकायचं असेल ते कुकरच्या शिट्टीत शिकू नका.

आता तबला. विलंबितापासून सुरुवात करू नका. मध्य लयीतला तीनतालाचा छोटा ख्याल घ्या, आठ-दहा मिनिटांचा, आणि पहिल्या वेळी शक्यतो व्हिडिओ बघा म्हणजे हात दिसतील. सोळा मात्रांचा ठेका असा:

धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा.

तोंडाने म्हणा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात उलटा, तिला ‘खाली’, म्हणजे रिकामी मात्रा म्हणतात. एवढं पुस्तकातही मिळेल. कानाने पकडायची खूण मात्र वेगळी आहे. ‘धिं’चं ‘तिं’ होतं तिथे, म्हणजे दहाव्या मात्रेला, डग्गा गप्प होतो. अकरा, बारा, तेरा गप्पच. चौदाव्याला ‘धिं’वर तो परत बोलतो, आणि तिथून तीन मात्रांवर सम. डग्गा गेला, डग्गा आला, सम! एकदा हे ऐकू आलं की बोटं मोजायची गरज राहत नाही, खोलीतला दिवा मालवून परत लावावा इतकं ते स्वच्छ कळतं. (फ्रिजवरच्या स्पीकरवर हे कळणं अशक्य का होतं, ते आता लक्षात आलं असेल.) तीनतालाच्या कितीतरी बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेपासून उठतो, म्हणजे डग्गा गप्प व्हायच्या जरा आधी गायक शब्द उचलतो आणि डग्गा परत आल्यावर समेवर उतरतो. मध्य लयीत एक आवर्तन सहा-सात सेकंदांत होतं. दहा मिनिटांच्या बंदिशीत तुम्हाला ऐंशी-नव्वद वेळा सम भेटते. एखादी हुकली तर लगेच दुसरी.

इथे सासऱ्यांची मदत घ्या, आणि हा सल्ला नुसता घरातल्या शांततेसाठी नाही. त्यांना राग कुठला, घराणं कुठलं असं विचारू नका; त्याची उत्तरं लांबतात आणि तुम्ही परत विद्यार्थिनी होऊन बसता. “बाबा, गाणं चालू असताना समेवर नुसतं बोट टेकवाल का? मी बघते,” एवढंच म्हणा. पन्नास वर्षं ऐकणाऱ्या माणसाचा हात समेवर आपोआप पडतो. त्यांच्या बोटाकडे बघत ऐकलेली वीस मिनिटं कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त देऊन जातात. आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं, बंदिश तीच. दर वेळी नवीन लावाल तर कान दर वेळी पहिलीत बसेल.

दोन-तीन आठवड्यांनी विलंबित एकतालाकडे या. ठेका बारा मात्रांचा: धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना. यात ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. सावकाश लयीत ते चांगलं लांबून, मोकळं ऐकू येतं. दुसरं तिरकिट सुरू झालं की सम तीन मात्रांवर, म्हणजे बारा-एक सेकंदांवर आली. आता गायकाकडे लक्ष द्या. तोवर तो निवांत एकेका सुरावर रेंगाळत असतो, आणि इथून त्याला घरी परतायचं असतं. कुणी आधीच वळतो, कुणी शेवटच्या क्षणापर्यंत आलाप लांबवतो आणि मग झपकन मुखडा उचलून नेमका समेवर येतो. श्रोते ‘वा’ म्हणतात ते त्या येण्याला. त्या ‘वा’मध्ये रागाचं व्याकरण कमी आणि हायसं वाटणं जास्त असतं, आणि ते तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळू शकतं. पहिली पाच-सात आवर्तनं तिरकिट मोजत काढा, मग मोजणं सोडून द्या. शेवटपर्यंत मोजत राहिलात तर सम मिळेल आणि गाणं जाईल.

आता नवऱ्याच्या कपाटाकडे. १९५९ साली माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ नावाची एलपी आली. जॅझचा नाद लागलेल्या माणसाकडे ती नसेल असं होत नाही. तिच्यातला पहिला तुकडा, ‘सो व्हॉट’, तुमच्यासाठी नेमका आहे. सुरुवातीचं संथ प्रास्ताविक संपलं की डबल बास एक ओळ बोलतो आणि बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात. हा त्याचा मुखडा. मग चार-चार ठोक्यांच्या ३२ पट्ट्यांचं (इंग्रजीत ‘बार’; पेटीच्या पट्ट्या नव्हेत) एक आवर्तन फिरत राहतं, जवळपास मिनिटाला एक. पुन्हा तोच मिनिट. पहिल्या सोळा पट्ट्यांत सूर आहेत सा, रे, कोमल ग, म, प, ध, कोमल नि, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच, आणि सा आहे पांढरी दोनचा, म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या पांढऱ्या सुराचा. सतराव्या पट्टीला सगळंच्या सगळं अर्ध्या सुराने वर सरकतं, सा काळी दोनला जातो. आठ पट्ट्या तिथे काढून शेवटच्या आठ पट्ट्यांसाठी परत पांढरी दोन.

हे ऐकण्याची एक युक्ती आहे. फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप पांढरी दोनला लावा आणि त्याच्यासोबत ‘सो व्हॉट’ वाजवा. चोवीस पट्ट्या तानपुरा जुळेल आणि मधल्या आठ पट्ट्यांत असा खुपेल की लांबून कळेल. मग अचानक सगळं पुन्हा जुळतं. ते जुळणं ही तिथली सम समजायला हरकत नाही. तानपुऱ्यावर गाणाऱ्याला सा असा हलवता येत नाही, म्हणून आपलं संगीत एकाच सा भोवती खोल खोल जातं. जॅझवाले सा सोडून जाऊ शकतात म्हणून त्यांना परत येण्याची मजा आहे. हे दोन्ही एकाच प्रयोगात कानाला कळतं. नवऱ्याची एलपी जुनी छापील असेल तर तिची ही बाजू किंचित चढी लागेल, कारण मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपचा वेग चुकला होता. तो नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांत दुरुस्त झाला. तशी वेळ आली तर ॲपवरचा सूर जरासा चढवून घ्या.

एक चूक आपल्याकडचे सगळेच करतात. आपली टाळी पहिल्या मात्रेवर, समेवर पडते. जॅझमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो, ड्रमवाल्याच्या पायाखालची झांज तिथे ‘च्यक्’ करून मिटते. पहिल्या-तिसऱ्यावर बोट आपटत ऐकलं तर सगळं उलटं आणि ताठर वाटतं. दोन-चार धरा. आणि सॅक्सोफोनचा पाठलाग करू नका, बासच्या मागे चाला. तो पट्टीला चार पावलं टाकत शांतपणे चालत असतो. ‘सो व्हॉट’मध्ये आधी डेव्हिसचा ट्रम्पेट, मग जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, मग कॅननबॉल ॲडर्लीचा ऑल्टो, मग बिल इव्हान्सचा पियानो असे एकेक जण पुढे येतात. एका वेळी एकच. हा क्रम हाताशी ठेवलात तर गर्दी वाटणार नाही.

‘उचलेगिरी’चं म्हणाल तर थोडं स्पष्टच लिहिते. हिंदी गाण्यांत परदेशी चाली जशाच्या तशा उचलल्याची उदाहरणं आहेत, ते नाकारायचं कारण नाही. पण जॅझ वादक ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, त्यातली खूपशी गाणी मुळात नाटका-सिनेमातली. कोल्ट्रेनचं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ घ्या: १९५९च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या संगीतिकेतलं हे गाणं, त्याने १९६० साली ते सोप्रानो सॅक्सोफोनवर घेतलं आणि पावणेचौदा मिनिटं फुलवलं. आपल्याकडे नाट्यपद बैठकीत जातं आणि तिथे अर्धा तास रंगतं, तसंच. आणि सासऱ्यांना ज्या भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव प्राणाहून प्रिय आहे, त्याच भीमसेनजींनी १९५६च्या ‘बसंत बहार’मध्ये मन्ना डे यांच्यासोबत जुगलबंदी गायली. अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर १९५२च्या ‘बैजू बावरा’त गायले. गाणाऱ्यांनी या भिंती तितक्या मानल्या नाहीत, ऐकणाऱ्यांनी मानल्या. हे सगळं घरात वाद जिंकायला वापरू नका मात्र. जेवणाच्या टेबलावर असे दाखले फेकले की समोरचा ऐकायचं सोडून उत्तर शोधायला लागतो. त्यापेक्षा ती जुगलबंदी लावा आणि बाबांना समेवर बोट टेकवायला सांगा.

मुलीच्या क्लासबद्दल: तिने मागितला तर जरूर घाला, तुमच्या हुरहुरीवरचा उपाय म्हणून घालू नका. ‘आईला जमलं नाही म्हणून’ शिकलेलं गाणं मुलं दहावीत सोडतात आणि पुढे त्याकडे बघतही नाहीत. तिचं पॉप मात्र एकदा नीट ऐका, तिच्याच हेडफोनवर, तिला शेजारी बसवून. एकच गाणं दोनदा. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा, मुखडा आला की काय नवीन आत येतं आणि तो संपला की काय निघून जातं एवढंच बघा. एकाच गायिकेचा आवाज तीन-चार वेळा ध्वनिमुद्रित करून एकमेकांवर चढवलेला असतो, म्हणून मुखडा एकदम रुंद होतो. त्याच्या आधी अर्धा क्षण सगळं मुद्दाम थांबवलेलं असतं. कडव्यांमधले तुकडे ऐकणाऱ्या तुमच्या कानाला हे लगेच सापडेल, आणि तिला ते तुमच्याकडून ऐकायची अपेक्षा नसेल. ही गाणी सुरुवातीलाच पकड का घेतात? स्ट्रीमिंगवर ३० सेकंद वाजल्याशिवाय गाणं ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जात नाही, हे त्याचं एक कारण. जुन्या ७८च्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची म्हणून तुमची गाणी तेवढ्या लांबीची झाली, तशातलाच हा प्रकार. आवाजाचा एक नियम मात्र तिला घालून द्या: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास ही मोठ्यांसाठीची मर्यादा आहे, मुलांनी त्याच्याही खाली राहायचं. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनच्या आवाजावर मर्यादा घालायची सोय असते, ती लावून टाका.

राहिला घरातला एकुलता स्पीकर. दिवस वाटून घेऊ नका, ‘आज बाबांचा वार’ म्हटलं की बाकीचे तिघं खोल्यांत जातात. रात्री जेवण झाल्यावर रोज एकाने एक गोष्ट लावायची, दहा मिनिटांच्या आतली, आणि ती संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. कौतुकसुद्धा नंतर. तुमची पाळी असेल त्या दिवशी पाहुणे आले तरी तुमचंच गाणं वाजेल, एवढं मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. लांबलचक ख्यालाला रविवारची सकाळ ठेवा. ॲपमध्ये दोन गोष्टी तपासा. ‘शफल’ बंद हवं, नाहीतर द्रुत आधी आणि विलंबित नंतर वाजेल. दोन गाणी एकमेकांत मिसळणारं ‘क्रॉसफेड’ही बंद, ते आलापाची अगदी हळू सुरुवात खाऊन टाकतं. आणि ख्याल व पॉप एकाच यादीत घालू नका. पॉपचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाबून एकसारखा मोठा केलेला असतो, त्याच्या पाठोपाठ ख्याल लागला की तो मेलेला वाटतो आणि कुणीतरी आवाज वाढवतं. मग तानांना घर हादरतं.

आणि या डिसेंबरात सवाईला परत जा, पण त्याआधी शहरातल्या दोन-तीन छोट्या बैठकांना जाऊन या. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली सुरू केलेल्या भारत गायन समाजासारख्या जुन्या संस्थांकडे चौकशी केली तर अशा मैफलींचा पत्ता लागतो. पन्नास-साठ माणसांत गायकाचा चेहरा दिसतो, श्वास ऐकू येतो, आणि मुकुंदनगरच्या मैदानावरच्या हजारोंच्या मांडवात नव्या माणसाचं जे भांबावणं होतं ते इथे होत नाही. मांडवात जाल तेव्हा सगळं सत्र बसायचा हट्ट नको. एक कलाकार ठरवा, त्याच्या आधी अर्धा तास पोहोचा, झेपलं नाही तर त्याच्यानंतर उठा. पोटभर जेवून जाऊ नका. तानपुरा, थंडी आणि भरलेलं पोट यांच्यापुढे भल्याभल्यांचा टिकाव लागत नाही. तबलजी बहुधा आपल्या डाव्या हाताला, गायकाच्या उजवीकडे बसतो. म्हणून तुम्ही मांडवात उजवीकडची जागा धरा, तिथून त्याचा डग्ग्यावरचा हात दिसतो.